तोआ पायोहमधून लंडन चालवताना

लंडनमधल्या कोणत्या गल्लीत दूध उतरवायला गाडी थांबवता येते आणि कोणत्या गल्लीत थांबवली तर दंड बसतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. राजवाडा कुठे आहे हे मला राजघराण्याच्या प्रेमापोटी नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या वळणबंदीमुळे ठाऊक होतं. आठ-नऊ वर्षं मी त्या शहरात गाड्या हाकल्या आणि त्या सगळ्या काळात तिथे एकदाही पाऊल ठेवलं नाही. माझं लंडन सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. खाली हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचं आवार. दुपारी लंडनच्या गाड्या रस्त्यावर यायला लागायच्या, त्याच वेळी खालून तळलेल्या लसणाचा वास वर यायचा. त्यामुळे कुणी लंडनच्या धुक्याचं कौतुक करायला लागलं की मी मान डोलावते, पण मला आठवतो तो लसूण.

डिसेंबरात पुण्याला आले की नातेवाईक विचारायचे, "सिंगापूरला तू नक्की करतेस काय?" मी सांगायचे, "लंडनची वाहतूक बघते." यावर माझ्या आत्येसासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "मग सिंगापूरची कोण बघतं? लंडनवाले?" मी हसले. आमच्या धंद्यात याहून विचित्र गोष्टी चालतात.

काम तसं सरळ होतं. आमची कंपनी लंडनमधल्या ऑफिसांना दूध, फळं, कॉफी, बिस्किटं आणि छपाईचे कागद पुरवायची. कोणत्या गाडीत कुणाचा माल, ती आधी कुठे जाईल, मग कुठे, हे ठरवणारं आमचं टेबल. लंडन गाढ झोपेत असतं तेव्हा सिंगापूरला लख्ख सकाळ असते. त्यांनी उठायच्या आत आम्ही त्यांचा दिवस आखून ठेवायचा आणि गाड्या निघाल्या की संध्याकाळपर्यंत पडद्यावर नजर ठेवायची. आमच्यात पुण्या-मुंबईकडची दोन-चार इंजिनियर पोरं, मी, आणि ओंग. ओंग इथलाच, तोआ पायोहमध्येच जन्मलेला. त्यानेही लंडन पाहिलेलं नव्हतं. ड्रायव्हरांना आम्ही कुठे बसतो हे बरीच वर्षं माहीतच नव्हतं. टेरी नावाचा एक जुना ड्रायव्हर मला फोनवर म्हणाला होता, "आज बाहेर काय गारठा आहे ना, लव्ह?" मी पंखा एकने वाढवला आणि म्हणाले, "हो ना."

शहराची अर्थव्यवस्था कळायला लोक वर्तमानपत्रं वाचतात. मला ती दुधावरून कळायची. बँकांच्या जुन्या भागात, ज्याला ते नुसतंच 'सिटी' म्हणतात, एखाद्या मजल्याचं दूध अचानक निम्म्यावर आलं की समजावं, माणसं कमी झाली. बातमी यायची ती नंतर. बिस्किटं वाढली की मीटिंगा वाढल्या, आणि मीटिंगा वाढल्या म्हणजे कुणाला काही सुचत नाहीये. युरोपातून बाहेर पडायचं असं तिथल्या जनतेने ठरवलं, त्यानंतर आमची बिस्किटं इतकी खपायला लागली की ओंगने विचारलं, "दे व्होटेड फॉर बिस्किट, इज इट?"

नवीन पोरं कुठे चुकणार हे मला आधीच ठाऊक असायचं. सिंगापूरला प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी पिनकोड. आकडा टाका, दारात उभे राहा. त्या शिस्तीत वाढलेलं पोरगं लंडनचे ईस्ट तीन आणि ईस्ट चार हे भाग बघतं आणि खुशाल एका गाडीत टाकतं. तीन शहराला चिकटलेला, चार थेट उत्तरेच्या वेशीवर. कारण एक नंबर सोडला तर बाकीचे आकडे अंतराप्रमाणे नाहीत, वस्त्यांच्या नावांच्या अक्षरक्रमाने दिलेत. पोरं डोक्याला हात लावायची. मी म्हणायचे, "पुणेकरांनी तरी चुकू नये रे. शनिवारातून रविवारात जायचं तर मध्ये बुधवार लागतो, हे तुम्ही लहानपणापासून बघताय." आपल्या शहरांना नावं ठेवणाऱ्यांनी जगाच्या राजधान्या एकदा दूधवाल्याच्या नजरेने बघाव्यात.

पण खरा छळ नदीचा. थेम्स लंडनच्या मधून वेडीवाकडी जाते. पश्चिमेला आणि मध्यावर पुलांची रेलचेल. पूर्वेला, तो जहाजासाठी उघडणारा प्रसिद्ध पूल सोडला, की गावाबाहेरच्या हमरस्त्यापर्यंत गाडीसाठी पूलच नाही. एक अरुंद बोगदा, एक मोठा बोगदा आणि एक फुकटची बोट, एवढाच कारभार. मोठ्या बोगद्याची उत्तरेकडे जाणारी नळी जुनी, वळणांची आणि बुटकी. आपला ट्रक किती उंच आहे हे माहीत नसलेला एखादा महाभाग तिथे रोज येतोच. मग सगळं थांबवून त्याला बाजूला काढायचं. तोवर आमचं दूध उन्हात. आणि याच पूर्वेला, नदीच्या एका मोठ्या वळणाच्या पोटात, जुन्या गोद्यांच्या जागी त्यांनी बँकांचे मनोरे उभे केले. कॅनरी वॉर्फ. त्या जमिनीचं नाव 'कुत्र्यांचं बेट'. आमचा निम्मा धंदा तिथे.

हे सगळं पाठ असल्याचा मला गर्व होता. माझी मुलगी इरा एम.एस्सी.साठी लंडनला निघाली तेव्हा तो उफाळून आला.

इरा सिंगापूरच्या चोआ चू कांग उपनगरात, आमच्या घरी वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, शेवटी 'लाह' लावून. तिची खोली शोधायचं काम मी ऑफिसात नेलं. दोन दुपारी माझी इंजिनियर पोरं आणि ओंग कामाला लागले आणि आम्ही ग्रिनिचच्या पूर्वेला एक खोली निवडली. खोलीचे गुण मी घरी वाचून दाखवले. रस्ता दुहेरी. दारात दिवसभर गाडी थांबवता येते. शहरात शिरायच्या कराच्या हद्दीबाहेर. मोठ्या बोगद्याला जायला एकच वळण.

माझा नवरा विनय विद्यापीठात संशोधन करतो. कमी बोलतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिच्याकडे गाडी कुठेय?"

जगात दुसरी कुठली आई मुलीच्या खोलीसाठी माल उतरवायची सोय बघेल, मला माहीत नाही. आमच्या टेबलावर कुणालाच त्यात काही गैर वाटलं नव्हतं. इराने तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात फोन केला. "आई, द रोड इज एक्सलंट. आय कॅन हिअर हाऊ एक्सलंट इट इज." बोगद्याकडे जाणारे ट्रक तिच्या उशाखालून जात होते.

वर्ष सरलं. आणि मग तो प्रश्न आला, जो परदेशात मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक घरात येतो. इराचा विद्यार्थ्यांचा व्हिसा संपत आला होता. तिथे राहायचं तर व्हिसाची जबाबदारी घेणारी नोकरी हवी. नोकरी नाही, तर परत. पण परत म्हणजे कुठे? एकविशी ओलांडल्यावर आमच्या नोकरीच्या पासवर तिला सिंगापूरला राहता येत नव्हतं. पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, आम्हाला मिळालं नाही, आणि का मिळालं नाही हे विचारायची पद्धत नाही. म्हणजे जिथे वाढली तिथे पाहुणी, आणि उरलं पुणं, जे तिने दर डिसेंबरात लग्नांपुरतं पाहिलेलं. कॅनरी वॉर्फच्या एका बँकेने तिला शेवटच्या मुलाखतीला बोलावलं. त्याआधीच्या सगळीकडून नकार आला होता. हे दार शेवटचं होतं.

खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. तिला ती नोकरी मिळावी असं वाटत होतं, कारण त्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. आणि मिळू नये असंही वाटत होतं. पुण्यात आमचा फ्लॅट आहे, मी चार-दोन वर्षांत निवृत्त होणार, मग सकाळी दोघी चहा घेऊ, असलं काहीतरी मनात रंगवून झालं होतं. देवासमोर उभी राहिले तरी नक्की काय मागायचं ते ठरेना. शेवटी "तिचं भलं कर" एवढंच म्हटलं. निर्णय त्याच्यावर ढकलला.

मुलाखतीच्या दिवशी लंडनमध्ये रेल्वेचा संप होता. संपाची आम्हाला सवय होती. आमचं दूध ट्रेनने जात नाही. माझ्या डोक्यात आलंच नाही की मुलगी ट्रेनने जाते. आमच्याकडची दुपार कलली होती, त्यांच्याकडे ऑफिसं भरायची वेळ, आणि इराचा फोन आला. ग्रिनिचच्या मध्यावर, स्टेशनच्या बंद जाळीपाशी ती उभी होती. बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, टॅक्सी नाही.

"आई, बिल्डिंग समोर दिसतेय," ती म्हणाली. "लाइक, राइट देअर. अॅक्रॉस द रिव्हर."

"दिसते म्हणून जाता येतं का? मध्ये नदी आहे. तू तिथेच थांब. मी गाडी पाठवते."

जिथून सगळं जग आपली वेळ मोजतं त्या ग्रिनिचला माझी मुलगी उशिरा पोचण्याच्या तयारीत होती. माझ्यातली अधिकारी जागी झाली. आमच्या गाडीत माल बसतो, माणूस नाही, हा नियम मीच सगळ्या ड्रायव्हरांना पाठ करायला लावला होता. केला मी, तर मोडायचा अधिकारही माझाच, असा मी सोयीस्कर अर्थ लावला. टेरी कॅनरी वॉर्फचं दूध घेऊन ग्रिनिचच्याच दिशेने येत होता. गाडी वाटेत थांबवायची तर सिस्टिममध्ये त्या थांब्याचं काम घालावं लागतं. ओंग खुर्ची ओढून बसला.

"आयटम?"

"इरा."

"टाइप? फ्रोझन, ड्राय, फ्रॅजाइल?"

"फ्रॅजाइल."

"वेट?"

"लिही पन्नास. जेवते कुठे ती."

माझी पोरं आपापली कामं टाकून मागे उभी राहिली. इराने फोनवरून आपली जागा दाखवायला सुरुवात केली होती. एक निळा ठिपका स्टेशनपाशी, टेरीचा हिरवा अलीकडे. टेरीला फोन लावला.

"कुठवर आलास?"

"कुठवरच नाही, लव्ह. कुणीतरी ट्रक घेऊन बोगद्यावर आदळलाय. ग्रिनिचच्या अलीकडे सगळं ठप्प आहे. माझ्या पुढच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून सिगरेट ओढतोय."

मी दुसरा मार्ग लावला. अरुंद बोगदा. तिथपर्यंतचा रस्ताही लाल. तिसरा, उघडणारा पूल. तिथून वळसा घालून पोचेपर्यंत मुलाखत संपून त्यांचं जेवण झालं असतं. चौथा, बोट. बोटीची रांग बघून ओंग चिनीत काहीतरी म्हणाला, ते मी विचारलं नाही. आठ वर्षं ज्या नकाशावर मी मिरवत होते, त्याच्यात माझ्या मुलीला समोरच्या काठावर न्यायला एकही रेषा नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलही अडकून पडला होता.

मी इराला फोन केला. "जागची हलू नकोस. बोगदा मोकळा झाला की टेरी दहा मिनिटांत येईल."

"आई, मोकळा कधी होणार?"

"होईल गं."

"आई," ती जरा थांबून म्हणाली, "एव्हरीबडी इज गोइंग समवेअर. ऑफिसचे लोक. मी बघते."

"बघू नकोस! थांब म्हटलं ना!"

फोन बंद झाला. निळा ठिपका हलायला लागला. बसच्या दिशेने नाही, बोगद्याच्या दिशेने नाही, सरळ नदीकडे. त्या काठाला एक जुनं शिडाचं जहाज ठेवलेलं आहे. ठिपका जहाजाशेजारी आला. काठावर थांबला. मग नाहीसा झाला.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. एक बाई शुद्ध इंग्रजीत मला सांगत होती की ही व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.

 शेवटी ओंग हळूच म्हणाला, "माधुरी, युअर डॉटर कॅन स्विम ऑर नॉट?"

तो विनोद करत नव्हता. आमच्या नकाशावर त्या जागी पाणी होतं. पाण्याच्या कडेला माझी मुलगी होती आणि आता नव्हती. पोहायला येतं तिला, चोआ चू कांगच्या तलावात शिकलीय, असलं काहीतरी मी बोलले.  गेल्या काही महिन्यांत तिला आलेले नकार एकेक आठवायला लागले. शेवटच्या फोनवर तिचा आवाज कसा होता ते मी आठवून बघत होते आणि आठवत होती फक्त माझीच आज्ञा, थांब म्हटलं ना. नोकरी मिळावी की न मिळावी, हा प्रश्न त्या क्षणी कुठल्या कुठे गेला. ती कुठल्याही काठावर असू दे, पण काठावर असू दे, एवढंच मला हवं होतं.

मग एक पोरगा ओरडला, "मॅडम!"

ठिपका उगवला होता. नदीच्या पलीकडे. कुत्र्यांच्या बेटाच्या टोकाला, हिरवळीवर.

फोन माझ्या हातातच वाजला. इरा धापा टाकत होती. "आई, खालून वाट आहे. नदीच्या खालून! गोल जिना आहे, मग लांबच लांब पांढऱ्या टाइल्स. ओन्ली फॉर वॉकिंग. सगळे चालतच जातात, लाह. तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले.

"बट यू नो एव्हरीथिंग अबाउट लंडन!" म्हणाली आणि हसली. "आता फोन ठेव. मला चालू दे."

ओंगने माझ्याकडे न बघता नकाशाच्या कोपऱ्यात काहीतरी शोधलं आणि दाबलं. पायवाटा. गाड्यांना त्यांचा उपयोग नाही, उगाच नकाशा जड होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही त्या बंद ठेवल्या होत्या. पडद्यावर बारीक रेषांचं जाळं पसरलं. बागांमधून, इमारतींच्या मधून, कालव्यांच्या कडेने, आणि एक रेषा नदीच्या खालून सरळ पलीकडे. आम्ही सगळे ते दुसरं लंडन नुसतं बघत राहिलो. ज्यांचं दूध मी इतकी वर्षं मोजत होते, ती माणसं रोज कुठून चालत येतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. विनयला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा." एरवी कमी बोलतो, पण नेमकं तेव्हा बोलतो.

टेरी दुपारपर्यंत बोगद्याच्या रांगेत होता. त्याचं दूध फुकट गेलं. माझ्या नोकरीत दूध फुकट गेल्याचा आनंद मला तेवढा एकदाच झाला.

पुढच्या आठवड्यात, माझी सकाळ व्हायची वाट बघत मध्यरात्रीपर्यंत जागून, इराने फोन केला. मी एमआरटीत, सिंगापूरच्या मेट्रोत होते, चोआ चू कांगहून सिंगापूर बेटाच्या डोक्यावरून वळसा घालून ऑफिसला निघालेले. "आई, आय गॉट इट," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. शेजारच्या बाईने मला टिश्यू दिला. वाईट बातमी आहे असं समजून तिने माझ्या हातावर थोपटलं, आणि मी तिला काही सांगितलं नाही, कारण ती अगदीच चुकली नव्हती.

ऑफिसात शिरले तर ओंग पडद्यासमोर डोकं खाजवत बसला होता. त्या दिवशी गडबडीत आम्ही इराला फक्त टेरीच्या थांब्यावर नव्हतं घातलं. टेरी अडकला तेव्हा बाकीचे मार्ग तपासायला तिच्या नावाची वेगळी फेरीच उघडली होती, आणि ती बंद करायची राहून गेली होती. फेरी बंद करायची तर परतीचा रस्ता भरावा लागतो. गेलेली गाडी कुठे परत येणार हे लिहिल्याशिवाय सिस्टिम फेरी संपवत नाही.

"धिस वन, रिटर्न टू व्हेअर?" ओंगने विचारलं. "सिंगापूर? इंडिया?"

मी पर्स टेबलावर ठेवली.  सिंगापूर नव्हतं, पुणं नव्हतं, आणि ती उशाखालून ट्रक जाणारी खोलीही ती महिन्याभरात सोडणार होती.

"रिकामं ठेव," मी म्हणाले.

"कॅनॉट, लाह. देन इट विल नेव्हर क्लोज."

"मग राहू दे उघडी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे वळला. मी ते ऑफिस सोडेपर्यंत इराची फेरी आमच्या पडद्याच्या तळाशी तशीच होती. तिच्यापुढे रोज 'चालू' असं दिसायचं.